कोरीने चढवलेला सर्वर

माझ्या भाचीला तिच्या वर्कशॉपात कोरी म्हणतात. आता तोंडावर म्हणायची कुणाची छाती होत नाही, पण पाठीमागे म्हणतातच. ते नाव तिला कसं पडलं आणि नाव पडल्यावर तिने काय केलं, हे मी ज्याला त्याला सांगत सुटलोय. ऐकणारा आधी हसतो, मग गप्प होतो.

वर्कशॉप मोटरींचं आहे. पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्या, लाँड्रीची यंत्रं, लिफ्ट, कुठकुठल्या जळक्या मोटरी तिथे येतात आणि नवी तांब्याची तार भरून परत जातात. एक लांबट खोली, वर पत्रा, मधोमध जाड लाकडी टेबल, कोपऱ्यात वार्निश सुकवायची भट्टी. वार्निशचा वास असा मुरलाय की जेवणाचा डबा उघडला तरी आधी तोच नाकात शिरतो.

तिथली रीत अशी, की आईबापांनी ठेवलेल्या नावाने कुणाला हाक मारायची नाही. माणसाच्या हातून पहिली मोठी चूक झाली की मालक सगळ्यांना टेबलाभोवती उभं करणार, चूक उलटसुलट करून बघणार आणि तिच्यावरून नाव ठेवणार. ते नाव जन्माला चिकटलं. एकाने तारेचं टोक उघडं ठेवलं, तो ठिणगी. एक जण भट्टीत मोटर ठेवून घरी गेला, तो कोळसा. कोळशाच्या बायकोला त्याचं खरं नाव लग्नानंतर वर्षाने कळलं म्हणतात. थाप असेल, पण मला आवडते.

सगळ्यांत जुना कारागीर उलटा. चाळीस वर्षांपूर्वी त्याने एका पंपाची जोडणी उलट केली होती आणि पंप तासभर टाकी भरायच्या ऐवजी नुसता पाणी घुसळत बसला होता. त्यानंतर त्या माणसाने चाळीस वर्षांत दुसरी चूक केली नाही. मोटरीवर तळहात ठेवला की आत काय बिघडलंय ते सांगायचा. पण सांगायचा एकदाच. शिकणाऱ्याने पुन्हा विचारलं की हातातला पाना खाली ठेवून चहाला निघून जायचा. "मी काय रेडिओ आहे काय," म्हणायचा.

माझी भाची काचेच्या केबिनमध्ये बसायची. गिऱ्हाइकांचे फोन, सुट्या भागांची मागणी, कॉम्प्युटरचं जे काय असेल ते सगळं तिच्याकडे. अकरा वर्षांत तिची एक चूक निघाली नव्हती. त्यामुळे तिला नावच नव्हतं, नुसतं बाई. त्याचा तिला गर्व होता, आणि तो तिने लपवला नाही. कुणाला नवं नाव पडलं की ही काचेआडून बघायची आणि ओठ दुमडून हसायची. टेबलाभोवतीची माणसं अकरा वर्षं तिच्या पाळीची वाट बघत होती.

नाव नसलेला आणखी एकच, मालकांचा जावई. त्याने चुका ढीगभर केल्या होत्या, पण जावयाला नाव कोण ठेवणार.

तर एके दिवशी मालकांनी जाहीर केलं की वर्षअखेरीला ते घरी बसणार. वर्कशॉपची किल्ली कुणाच्या हातात द्यायची? मुलगा नाही. जावई किल्लीकडे डोळे लावून होता आणि माझी भाचीसुद्धा. मालक म्हणाले, "उलट्याचे हात आता कापायला लागलेत. आज ना उद्या तोही बसेल. हे दुकान त्याच्या डोक्यावर चालतं. ते डोकं जो इथे ठेवून दाखवेल, त्याची किल्ली."

जावयाने उलट्याला दोन वेळा जेवायला नेलं. उलटा दोन्ही वेळा पोटभर जेवला आणि एक शब्द बोलला नाही.

भाचीने सर्वर करायचा ठरवला.

सर्वर म्हणजे काय हे तिने मला तीन रविवार समजावलं. तुम्हाला मी थोडक्यात सांगतो. हल्लीचा तो एआय बोलायला हुशार असतो, पण त्याला हात नसतात. गोदामात अमुक मापाचं बेअरिंग शिल्लक आहे का, असं विचारा. तो उठून बघायला जाऊ शकत नाही, मग ठोकून देतो. त्याला हात द्यावे लागतात. एक हात गोदामाची यादी बघणारा, एक हात कुणी सांगितलेलं टिपून ठेवणारा, एक हात टिपलेलं शोधून काढणारा. या हातांना ती टूल म्हणते, आणि हे सगळे हात जिथून हलतात तो सर्वर. तो केबिनमधल्या कॉम्प्युटरवर ठेवला तर वीज गेली की मेला. म्हणून तो चढवायचा क्लाउडवर, म्हणजे कुणातरी कंपनीच्या लांबच्या इमारतीत भाड्याने घेतलेल्या यंत्रावर. तिथे तो दिवसरात्र जागा राहतो आणि जगातून कुठूनही त्याला हाक मारता येते.

कंपनीकडे खातं जावयाच्या नावाने उघडावं लागलं, कारण वर्कशॉपचे असले सगळे कागद त्याच्याकडे. त्याने खातं उघडलं, पुढे आलेले प्रश्न एकेक वाचून खुणा केल्या आणि पासवर्ड तिला दिला. हसतमुखाने दिला, हे ती मला दोनदा म्हणाली.

पहिल्यांदा चढवला तेव्हा सर्वर चालू झाला, पण कुणाच्याच हाकेला ओ देईना. ती दोन दिवस डोकं धरून बसली. शेवटी सापडलं ते असं, की सर्वर फक्त स्वतःच्याच यंत्रातून आलेली हाक ऐकत होता, बाहेरच्या दाराकडे त्याचा कानच नव्हता. एक ओळ बदलली आणि पडद्यावर हिरवा ठिपका लागला. ही चूक तिने एकटीने केली आणि एकटीने निस्तरली. टेबलापर्यंत पोहोचू दिली नाही.

मग उलट्याला कसं बोलतं केलं? सोपं. "काका, तुम्ही एकदाच सांगायचं. पुन्हा कुणी तुम्हाला विचारणार नाही, यालाच विचारतील," असं म्हणून तिने फोन टेबलावर ठेवला. एकदाच म्हटल्यावर म्हातारा खूश. दहा आठवडे रोज दुपारी तो फोनसमोर बसून बोलला. मोटर नुसती गुंगते, घूं घूं करते आणि फिरत नाही, तर आधी वीज तोड, दांडा हाताने फिरवून बघ. मोकळा फिरला तर कपॅसिटर गेलेला, अडकला तर बेअरिंग. ग्रीस किती भरायचं, तार किती घट्ट ओढायची, जळक्याचा वास कोणता आणि नुसत्या तापल्याचा कोणता. सर्वर सगळं टिपत गेला.

आता चूक ऐका. मोटर दुरुस्तीला आली की या लोकांची एक सवय. तिच्यावर काय काय काम केलं ते पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी तारेने त्या मोटरीलाच बांधायची. वेगळी वही नाही. मोटर जिथे, चिठ्ठी तिथे. भाचीने अकरा वर्षं हेच बघितलेलं. म्हणून उलट्याच्या टिपणांची फाइलसुद्धा तिने सर्वरच्या शेजारीच, त्याच भाड्याच्या यंत्रावर ठेवली. चिठ्ठी मोटरीला बांधली.

पण क्लाउडवाल्यांची पद्धत निराळी. तुम्ही सर्वरमध्ये काडीचा बदल करून तो पुन्हा चढवला, की ते जुनं यंत्र पुसून टाकतात आणि कोऱ्या यंत्रावर नव्याने मांडामांड करतात. टिकायला हवं ते वेगळ्या डिस्कवर ठेवावं लागतं, आणि ती डिस्क मागून घ्यावी लागते.

मालकांना दाखवायचा दिवस ठरला. सकाळी मालक म्हणाले, "फोन केल्यावर ते नुसतं नमस्कार म्हणतं. वर्कशॉपचं नाव घेऊ दे की." एका ओळीचं काम. तिने ओळ बदलली, सर्वर पुन्हा चढवला, हिरवा ठिपका बघितला आणि पदर झटकून टेबलापाशी गेली.

सगळे गोल उभे. उलटा स्टुलावर. मालकांनी फोन लावला. आतून वर्कशॉपचं नाव आलं, मालकांची मान डोलली.

"मोटर गुंगते आणि फिरत नाही," मालक म्हणाले. "उलटाकाका काय सांगतात?"

"याविषयी कोणतीही नोंद सापडली नाही."

"बरं. ग्रीस किती भरायचं?"

"याविषयी कोणतीही नोंद सापडली नाही."

मालकांनी सात प्रश्न विचारले. भाची सांगते, तिसऱ्या प्रश्नालाच तिला सगळं कळलं होतं, पण मालकांनी सातही विचारले. सावकाश, प्रत्येक उत्तर पुरतं ऐकून घेत. कोळसा तोंडावर रुमाल धरून हसत होता. ठिणगीने तोही त्रास घेतला नाही.

"पुसलं गेलं," ती म्हणाली. "पुन्हा चढवताना सगळं पुसलं गेलं."

"दहा आठवडे बोललो मी," उलटा म्हणाला.

जावई मांजरासारखा उन्हाला पाठ करून दारात उभा होता. "खातं उघडताना विचारलं होतं त्यांनी," तो म्हणाला. "टिकाऊ डिस्क हवी का म्हणून. मी नको म्हटलं. मला वाटलं, ताईंना माहीत असेल."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमची चूक कधी होते का?"

हशा असा उठला की पत्रा वाजला. मालकांनी हात वर केला, सगळे गप्प. त्यांनी तिच्याकडे अगदी प्रेमाने बघितलं, जसं नव्या बाळाकडे बघतात. "अकरा वर्षं थांबलो," ते म्हणाले. "कोरी."

त्या दिवसापासून फोन आला तरी "कोरी, तुझा फोन," आणि चहा आला तरी "कोरीला कोरा द्या रे."

वर्षअखेरीला सहा आठवडे उरले होते. संध्याकाळी ती उलट्याच्या घरी गेली. म्हातारा दाराशी खुर्ची टाकून बसला होता.

"काका, पुन्हा एकदा सांगाल?"

"काय?"

"जे सांगितलं होतं ते."

"मग ते सांगून झालं."

"माझ्याकडून गेलं, काका."

"माझ्याकडून नाही गेलं," उलटा म्हणाला. "माझ्याकडे आहे सगळं. तुझ्याकडे नाही, तर तुला किल्ली नाही. सरळ हिशोब आहे. आता घरी जा, डास चावतील."

माझ्या बहिणीची मुलगी आहे, लहानपणापासून बघतोय. रडणारी नाही. घरी आली, जेवली, आणि त्या माणसाला नेमकं कुठे दुखतं याचा तिने विचार केला. त्याला दुसऱ्यांदा सांगणं जमत नव्हतं. पण चुकीचं ऐकून गप्प बसणं त्याला त्याहून जमत नव्हतं.

तिने टिकाऊ डिस्क घेतली, सर्वर नीट बांधून पुन्हा चढवला, आणि त्यात स्वतः टिपणं भरली. सगळी खोटी. प्रत्येक टिपणाच्या सुरुवातीला, "उलटाकाका म्हणतात". अकरा वर्षं काचेआड बसून बरोबर काय ते तिला पुरतं कळलं नसेल, पण चूक काय ते पक्कं कळत होतं. मग टेबलावर एक स्पीकर ठेवला आणि गिऱ्हाइकांचे फोन सर्वरकडे वळवले.

पहिलाच फोन पिठाच्या गिरणीचा. स्पीकरमधून गोड आवाज आला, "उलटाकाका म्हणतात, बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरावं, जागा उरता कामा नये."

उलट्याच्या हातातला चहा बशीत सांडला. "कोण म्हणतं?"

"तुम्ही," भाची काचेआडून म्हणाली.

"मी कधी म्हटलं? ठासून भरलं तर तापून वितळेल. तिसरा हिस्सा भरायचं, तिसरा हिस्सा."

त्याच्या शेजारी फोन ठेवला होता. फोनने ते टिपून घेतलं. गिऱ्हाइकाला दुरुस्ती कळवली गेली. सर्वरमधलं एक खोटं गेलं, एक खरं आलं.

असं रोज. दिवसाला सात, कधी आठ. म्हातारा सकाळी येऊन बसायचा आणि स्पीकरकडे बघत राहायचा, कुत्रं चावेल म्हणून बघावं तसा. नावाचीच अब्रू होती त्याच्याकडे, आणि ती दिवसभर त्याच्यादेखत चारचौघांत काढली जात होती. कारागिरांना तर करमणूकच. "उलटाकाका म्हणतात, जेवणात मीठ टाकू नये," असं कोळसा त्या गोड आवाजात म्हणायचा आणि म्हातारा त्याच्याकडेही वळून "कोण म्हणतं?" विचारायचा. हे सांगताना मला हसू येतं. तिलाही येतं.

लाँड्रीवालीचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. ती आपली मोटर हातगाडीवर घालून आली. काळी ठिक्कर. टेबलाशी येऊन उलट्याला म्हणाली, "तुमचं ऐकून केलं हो मी. मोटर गुंगत असली तरी चालू ठेवा, तापली की आपोआप फिरेल, असं तुम्हीच सांगितलंत म्हणे. धूर निघेपर्यंत थांबले. तुमचं नाव होतं म्हणून थांबले."

तिचा तो फोन सकाळी उलटा यायच्या आधी आला होता. त्यामुळे दुरुस्ती झाली नाही, आणि भाची केबिनमध्ये होती तरी तिने तो फोन तोडला नाही. चाळीस वर्षांत ज्याने एक मोटर जाळली नाही, तो माणूस जळक्या मोटरीवर तळहात ठेवून उभा राहिला. काच बंद होती. ती उठून बाहेर आली असती, ते खोटं मीच भरलं होतं म्हणाली असती, तर किल्ली गेली असती. ती उठली नाही. मी तिला विचारलं, तुला काहीच वाटलं नाही का? म्हणाली, "वाटलं, मामा. पण काका कपॅसिटरबद्दल बोलायला लागले होते."

खरंच बोलायला लागला होता. लाँड्रीवालीला त्याने तासभर समजावलं, मोटर फुकट भरून देतो म्हणाला, आणि शेजारचा फोन सगळं टिपत होता.

ती गेल्यावर तो काचेपाशी आला. त्याने बोटाने काच वाजवली.

"अजून किती चुका आहेत तुझ्याकडे?"

भाचीने पडदा बघितला. "एकशे चाळीस."

"वाच."

"काय?"

"वाच एकेक. गिऱ्हाइकांना ऐकवू नकोस. मला ऐकव."

मग चार दिवस ती वाचत होती आणि तो दुरुस्त करत होता. उगीच वर मान नाही, एकमेकांशी दुसरा शब्द नाही. तिने चूक वाचायची, त्याने डोळे मिटून "नाही" म्हणायचं आणि खरं सांगायचं. दोनदा सांगत नाही म्हणणाऱ्याने चार दिवसांत सगळं दुसऱ्यांदा सांगितलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याचा आवाज बसला होता. शेवटची दहाबारा त्याने खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून सांगितली.

"पुढचं?"

"संपलं, काका."

तो खुर्चीवरून उठला. मग डबा घेऊन घरी गेला.

वर्षअखेरीला मालकांनी पुन्हा सगळ्यांना उभं केलं. सात प्रश्न विचारले, सातांची उत्तरं उलट्याच्या शब्दांत आली. किल्ली तिच्या हातात पडली. मी मुद्दाम गेलो होतो तो सोहळा बघायला. जावयाने टाळ्या वाजवल्या, हळू वाजवल्या.

किल्ली आल्यावर तिने पहिलं काम केलं ते हे. सर्वरमधलं काही बदलायचा किंवा पुसायचा अधिकार फक्त स्वतःकडे ठेवला. जावयावर तिचा विश्वास नव्हता, आणि त्यात चूक काही नाही. बाकी सगळ्यांनी विचारायचं फक्त. दुसरं काम म्हणजे उलट्याला निरोप. रोज यायची गरज नाही काका, वाटेल तेव्हा या.

तो दुसऱ्या दिवशीच आला. स्टुलावर बसून फोनला प्रश्न विचारत राहिला, एकामागून एक. उत्तर आपल्याच तोंडचं आलं की मान हलवायचा. दुपारच्या सुमारास थांबला.

"हे चुकलंय," म्हणाला.

वार्निशचं टिपण होतं. मोठी मोटर भट्टीत चार तास सुकवावी, असं सर्वर सांगत होता. मोठीला आठ लागतात. चार लहान मोटरीचे. शेवटच्या संध्याकाळी, आवाज बसलेला असताना, त्याच्याच तोंडून लहान मोटरीचा आकडा गेला होता. या खेपेला खोटं भाचीचं नव्हतं.

"आठ तास," तो फोनला म्हणाला. "मोठीला आठ. लिही."

"माफ करा, नोंद बदलण्याचा अधिकार तुम्हाला नाही."

"अरे, मीच उलटा आहे."

"माफ करा, नोंद बदलण्याचा अधिकार तुम्हाला नाही."

कोळसा आणि ठिणगी एकमेकांवर रेलून हसत होते. म्हातारा काचेपाशी गेला. ती फोनवर होती. त्याने आठ बोटं दाखवली. तिने मानेनेच हो म्हटलं आणि पाच मिनिटं थांबा म्हणून हात केला. तो वीस मिनिटं थांबला, मग गेला. पुन्हा आला नाही. महिन्याभरात त्याने अंथरूण धरलं आणि नंतर तो बोलण्याच्या पलीकडे गेला.

मी परवा तिला विचारलं, ते वार्निशचं बदललंस का. म्हणाली, "मामा, कोणतं ते सांगायला त्यांनी थांबायला हवं होतं. नुसती बोटं दाखवून मला काय कळणार? आणि आता आठ म्हणजे कशाचे आठ, हे खात्रीने सांगायला कोण आहे?"

मी म्हटलं, मी सांगतोय की. कोळशाने सांगितलंय मला.

"कोळशाने," ती म्हणाली आणि ओठ दुमडून हसली.

नव्या पोरांना तिने सक्त ताकीद दिलीय की सर्वर सांगेल तसंच करायचं. ते मोठ्या मोटरी चार तासांनी भट्टीतून काढतात, ओलसर अंगानेच जोडतात आणि गिऱ्हाइकाकडे पाठवतात. पावसाळ्यात त्या जळून परत येतात. कुणी विचारलंच, तर स्पीकर गोड आवाजात सांगतो, उलटाकाका म्हणतात, चार तास.